बोलोन्याची मापं आणि आत्यांचा डबा

म्युनिक, एप्रिल, रविवार रात्र

ती. स्व. अण्णा आणि आई यांना
सौ. सूनबाईचा सा. न. वि. वि.

बोलोन्याच्या सहलीचे तीन वेगवेगळे वृत्तान्त फोनवरून चौलला पोचले असं कळलं. चिरंजीवांच्या म्हणण्यानुसार सहल अभ्यासपूर्ण झाली. नातीच्या मते जेलातो सोडून बाकी सगळी शाळाच होती. आणि आत्यांनी तर त्या गावात शाकाहारी माणसाला उपाशी मारायचा कायदा आहे असं सांगून टाकलंय. खाण्याचे कायदे तिथे खरंच आहेत, पण जरा वेगळे. म्हणून हा लेखी अहवाल. अण्णा शाळा तपासणीचा लिहीत तसाच, तटस्थ. यात 'मी' कुठेही येणार नाही. सूनबाई हेसुद्धा इतरांसारखंच एक पात्र.

म्युनिकहून ब्रेनरचा घाट उतरून गाडी इटलीत शिरली की बहुतेकांना व्हेनिस, फ्लोरेन्स नाही तर रोम गाठायचं असतं. बोलोन्या म्हणजे त्यांच्या लेखी गाडी बदलायचं जंक्शन. ईस्टरच्या सुटीला चिरंजीवांनी नेमकं तेच निवडलं. रांगा कमी आणि इतिहास भरपूर हे एक कारण. दुसरं अण्णांना ठाऊकच आहे. ते पुढे येईल.

पोचल्या पोचल्या पावसाने गाठलं, पण छत्री उघडावी लागली नाही. या गावात रस्त्याच्या कडेने कमानींचे ओटेच ओटे आहेत; सगळे मिळून 62 किलोमीटर. 2021 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घातलं. त्यांची जन्मकथा चिरंजीवांनी भर पावसात, म्हणजे अर्थातच कोरड्यात उभं राहून सांगितली. इथलं विद्यापीठ 1088 सालचं मानतात. विद्यार्थी आणि कामगार लोटायला लागले तशी जागा पुरेना, म्हणून लोकांनी वरच्या मजल्याच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली खांबांचे टेकू दिले. कुठल्याही नगरपालिकेने नोटिसा काढल्या असत्या. इथल्या कारभाऱ्यांनी 1288 मध्ये उलटा नियम केला: नवं घर बांधायचं तर खाली कमानींचा मार्ग ठेवलाच पाहिजे, जागा मालकाची पण वाट सगळ्यांची, आणि उंची निदान सात बोलोन्यी फूट, म्हणजे 2.66 मीटर, घोडेस्वाराचं डोकं आपटू नये म्हणून. अतिक्रमण नियमित करण्याचा इतका देखणा नमुना अलिबाग तालुक्यात अजून झालेला नाही.

पोटाचे हाल मात्र लगेच सुरू झाले. बोलोन्यातल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतात आणि थेट संध्याकाळी सातनंतर उघडतात. आत्यांचं जेवण साडेबाराचं, कुटुंब गावात शिरलं तीनला. मग कॉफीवर भागवायचं ठरलं. उभ्याने प्यायली तर एक दर, टेबलाशी बसून प्यायली तर त्याहून चढा. शिवाय दुधाची कॉफी ही सकाळची गोष्ट. दुपारी कुणी मागितली तर देतात, पण घरात आजारी माणूस आहे का असं विचारल्यासारखा चेहरा करून देतात. आत्यांनी चहा मागितला. गरम पाण्याचा पेला आणि दोऱ्याला बांधलेली पुडी आली. त्यावर आत्या काय म्हणाल्या ते लिहिण्याजोगं नाही.

आता कायद्याचं. बोलोन्याचे लोक खाण्याच्या बाबतीत फक्त चोखंदळ नाहीत, दस्तऐवज करणारे आहेत. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये पाककृती रीतसर नोंदवून ठेवतात. ताल्यातेल्ले म्हणजे अंड्यात भिजवलेल्या कणकेच्या लांब चपट्या पट्ट्या. त्यांचं माप 1972 मध्ये नोंदलं गेलं, आणि नमुना म्हणून एक सोन्याची पट्टी ठेवली आहे. तोर्तेल्लिनीतलं सारण 1974 मध्ये नोंदवलं. मांसाचा सुप्रसिद्ध रागू 1982 मध्ये, आणि 2023 मध्ये त्यात दुरुस्ती करून पुन्हा. शिजलेल्या ताल्यातेल्लेची रुंदी 8 मिलिमीटर. हे माप आलं कुठून, तर गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग! मनोरा 97.2 मीटर. चिरंजीवांनी जेवता जेवता भागाकार केला: 7.92. आई, तुम्ही त्यांना पाढे पाठ करायला लावायचात त्याचा उपयोग झाला.

नातीने आधी जगभर मिळतं ते स्पगेटी बोलोन्येज मागितलं होतं. तो पदार्थ बोलोन्यात करत नाहीत, असं वेटरने तिला सभ्यपणाने समजावलं. रागू ताल्यातेल्लेबरोबरच खायचा. ती हिरमुसली, पण सोन्याच्या पट्टीची गोष्ट ऐकल्यावर दप्तरातली प्लॅस्टिकची पट्टी काढून ताटलीवर वाकली. काट्याने एक पट्टी सरळ केली, वरचा रागू बोटाने निपटला, शून्याची रेघ कडेला लावली. साडेसात. दुसरी साडेआठ. तिसरी एका टोकाला सात आणि दुसऱ्या टोकाला नऊ. वेटर आत गेला आणि स्वयंपाकीणबाईंना घेऊन आला; कणकेची पोळी लाटणाऱ्या या बायकांना तिथे मोठा मान असतो. बाईंनी पिठाचे हात कमरेवर ठेवून मोजणी पाहिली आणि सांगितलं की सोन्याची पट्टी कुणी हाताने कापत नाही. बोलणं कळलं ते फोनमधल्या भाषांतरामुळे. हात कळायला भाषांतर लागलं नाही.

चिरंजीवांनी त्या जेवणात काय खाल्लं हे पत्रात लिहू नये अशी त्यांची विनंती आहे. ती मान्य केली आहे.

मनोरा मात्र लांबूनच पाहावा लागला. मध्ययुगात इथल्या श्रीमंत घराण्यांनी एकमेकांच्या नाकावर टिच्चून मनोरे उभे केले. आता वीसेक उरलेत. त्यातले दोन शेजारी प्रसिद्ध. आझिनेल्ली उंच, आणि गारिसेन्दा 48 मीटरची पण अशी कललेली की दान्तेने नरकाच्या वर्णनात तिची उपमा दिली. चौदाव्या शतकातच पडायच्या भीतीने तिचा वरचा भाग उतरवला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये ती पुन्हा हलायला लागल्यासारखी वाटली म्हणून दोन्ही मनोरे बंद झाले आणि भोवती संरक्षक कठडे आले. आझिनेल्लीला 498 पायऱ्या आहेत. पदवी मिळण्याआधी चढलं तर पदवी मिळत नाही, अशी विद्यार्थ्यांची समजूत. त्यामुळे मनोरा बंद असल्याचं दुःख नातीने व्यवस्थित आवरलं.

जुन्या विद्यापीठाच्या इमारतीत, आर्किजिन्नाझियोत, अण्णांची फार आठवण निघाली. मध्ययुगात या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या संघाच्या हाती कारभार होता. प्राध्यापकांना नेमायचे तेच, पगार द्यायचे तेच, आणि मास्तर उशिरा आले किंवा भाग शिकवायचा राहिला तर दंडही तेच करायचे. हे ऐकून नातीने अण्णांचं काय झालं असतं असं विचारलं. चिरंजीव म्हणाले, अण्णा घंटेआधी पाच मिनिटं वर्गात असायचे, दंड विद्यार्थ्यांनाच झाला असता. इमारतीच्या भिंती आणि छतं विद्यार्थ्यांच्या रंगीत कुलचिन्हांनी भरून गेली आहेत, सुमारे 6000. आपल्याकडे गडावर खिळ्याने नाव कोरणाऱ्यांना धरतात ते योग्यच, पण इथल्यांनी निदान चित्रकार लावला होता.

त्याच इमारतीत 1637 मध्ये लाकडात उभारलेला शरीरविच्छेदनाचा दिवाणखाना आहे. मधोमध पांढऱ्या संगमरवराचं टेबल, भोवती चढती बाकं, आणि मास्तरांच्या आसनावरचं छत पेलणारे दोन लाकडी पुरुष, अंगावर कातडी नसलेले, प्रत्येक स्नायू मोकळा. जानेवारी 1944 मधल्या बाँबहल्ल्यात हे सगळं कोसळलं होतं. ढिगाऱ्यातून तुकडे वेचून युद्धानंतर पुन्हा जुळवलं. आत्या त्या दोघांकडे बराच वेळ बघत होत्या. "मेल्यांना निदान एखादं उपरणं द्यायचं," एवढंच म्हणाल्या.

सान पेत्रोनियो चर्चमध्ये त्यांनी खरा किल्ला लढवला. चर्च 1390 मध्ये सुरू झालं, दर्शनी भिंत अजून अर्धीच संगमरवरी आहे, वर उघड्या विटा. आत फरशीत 67 मीटर लांबीची एक रेघ आहे. खगोलशास्त्रज्ञ कॅसिनी यांनी 1655 मध्ये आखलेली. छताजवळच्या भोकातून सूर्याचा कवडसा पडतो आणि खऱ्या मध्यान्हीला ती रेघ ओलांडतो. कवडसा कुठे पडला त्यावरून वर्षातला काळ कळतो. कडेला राशीही कोरल्या आहेत. घड्याळात सव्वा एक वाजून गेला, कवडसा ताटाएवढा होऊन रेघेवर आला, आणि चिरंजीवांनी जाहीर केलं की सूर्य मेषेत आहे. आत्या म्हणाल्या, शक्यच नाही. मेष संक्रान्तीला अजून अवकाश आहे, सूर्य मीनेत आहे, पंचांग पिशवीत आहे. दोघांचंही खरं होतं. युरोपची गणना संपातापासून, सायन. आपल्या पंचांगाची निरयन. दोन्हींमध्ये आता चोवीस अंशांच्या आसपास अंतर पडलंय. हे सगळं ऐकून घेतल्यावरही कॅसिनीला कुणीतरी कळवायला हवं होतं, हे आत्यांचं मत कायम राहिलं.

आता आत्यांच्या उपासमारीचं. बोलोन्यात डुक्कर चुकवणं सोपं नाही. तोर्तेल्लिनीच्या सारणात ते, मोर्तादेल्ला म्हणजे तेच, आणि कांदा-टोमॅटो तासन्‌तास आटवून केलेली फ्रिजोने नावाची निरुपद्रवी दिसणारी भाजीसुद्धा परंपरेने त्याच्या चरबीत होते. दुसऱ्या दिवशी आत्यांनी किसलेल्या चीजचा डबा पुढे ओढला आणि नातीकरवी वेटरला विचारलं, यात काय काय आहे? भला माणूस खरं बोलला. पार्मिज्यानो रेज्जानोला दूध, मीठ आणि दूध साकळवायला वासराच्या जठरातला रेनेट. नियमच तसा आहे. आत्यांनी डबा परत सरकवला, आणि त्याबरोबर यादीतले उरलेसुरले शाकाहारी पदार्थही गेले. राहिलं काय, तर पाव, ऑलिव्ह तेल, उकडलेला घेवडा, आणि चीज नसलेला, टोमॅटो-लसणाचा पिझ्झा.

त्या संध्याकाळी वातावरण हलकं करायला चिरंजीवांनी अण्णांचा विषय, म्हणजे बोलोन्या निवडण्याचं ते दुसरं कारण, काढला. लुदोविको दि वार्थेमा हा बोलोन्याचा माणूस. 1503 मध्ये वेष पालटून मक्केला गेला, पुढे खंबायतेहून आपल्या चौलला आला, दाभोळ, गोवा, विजापूर करत दक्षिणेला कालिकतपर्यंत पोचला. शेजारच्या रेवदंड्याला पोर्तुगीजांचा किल्ला उभा राहिला तो 1521 नंतर, हा त्याआधीचा. त्याचं प्रवासवर्णन 1510 मध्ये रोमला छापलं. चौलला त्याने प्रशस्तिपत्रच दिलंय: तटबंदी भक्कम, खाडी देखणी, परदेशी गलबतांची ये-जा, सुती कापड मुबलक, न्याय चोख. खायला सगळं मिळतं, फक्त द्राक्षं, अक्रोड आणि चेस्टनट नाहीत.

आत्यांचा घास थांबला. "म्हणजे ह्यांचा माणूस आपल्याकडे पाहुणा येऊन काय मिळत नाही ते लिहून गेला? मग मी का गप्प बसू?"

तेव्हापासून हॉटेलच्या कागदावर यादी सुरू झाली. कढीलिंब, हिंग, ओलं खोबरं, आमसुलं, चहात आलं. वार्थेमाचं तीन जिन्नसांत भागलं; आत्यांना कागदाची मागची बाजू लागली.

सुटका झाली ती ओस्तेरिया देल सोले नावाच्या पेयशाळेत. बाजारपेठेतल्या एका बोळात ती 1465 पासून चालू आहे, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दोनशे नऊ वर्षं आधीपासून. तिथे खायला काहीच मिळत नाही; प्यायला मिळतं, खाणं आपलं आपण न्यायचं. हे ऐकल्यावर आत्यांनी पहिल्यांदाच बोलोन्याबद्दल बरा शब्द काढला. चिरंजीवांनी वाइनचा एक ग्लास घेऊन टेबलाची तरतूद केली आणि लांब लाकडी बाकावर स्टीलचा डबा उघडला. दशम्या, सुकी लसणीची चटणी, मेतकूट, बाजारातून आणलेले टोमॅटो. पलीकडे कागदावर मोर्तादेल्ला पसरून बसलेले एक आजोबा आधी बघत होते, मग हसले, मग दशमीचा तुकडा घेतला. चटणी त्यांनी मोर्तादेल्लावर घातली. आत्यांनी मान फिरवली, पण चटणीचा डबा त्यांच्याकडेच राहू दिला.

शेवटच्या दिवशी सान लुकाच्या टेकडीवर जायचं होतं. वाट 666 कमानींखालून, जवळजवळ चार किलोमीटर. 1433 मध्ये पावसाने पिकं बुडायची वेळ आली तेव्हा वरच्या मेरीमातेचं चित्र मिरवत गावात आणलं आणि पाऊस थांबला, अशी कथा. अजूनही दर वर्षी ते खाली आणतात, आणि ही छपराची वाट त्या मिरवणुकीसाठीच बांधली. पाऊस आवरायला देवीला बाहेर काढणं आत्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. चिरंजीव तीनशेव्या कमानीच्या आसपास इतिहास सांगायला थांबले, आणि बराच वेळ थांबले.

खर्चाचा तक्ता वेगळा पाठवत आहोत. त्यात 'कोपेर्तो' असं ठिकठिकाणी दिसेल. हे टेबलावर बसल्याचे, चादरीचे आणि पावाचे पैसे, माणशी दोन-तीन युरो. अण्णांनी ते चुकीने दोनदा लिहिले असं समजू नये. एका ठिकाणी आत्यांनी पावाला हात लावला नव्हता, म्हणून ते पैसे वजा करा असं त्यांनी वेटरला मराठीतून सविस्तर सांगितलं. त्याने इटालियनमधून तितक्याच सविस्तर उत्तर दिलं. नातीला एक बिस्कीट जास्त मिळालं. दोन युरो मात्र त्याने घेतले.

मोठ्यांना नमस्कार.

आपली,
सौ. सूनबाई

ता. क. आत्या पुढच्या महिन्यात निघतील. त्यांच्या सामानात पंचांगाच्या आत एक ताल्यातेल्लेचं पाकीट आहे. चीज नाही, रागू नाही. अंडं मात्र आहे, ते त्यांना विमानतळावर विचारू नये.