कशात उघडू?

जबलपुरात ‘बड्डे’ ही हाक कुणालाही मारता येते. चहावाल्याला, वकिलाला, रस्त्यात बैठक मारलेल्या म्हशीलासुद्धा. पण भेडाघाटला, धुवांधारकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानांतून ‘अरे, बड्डेला बोलवा’ अशी आरोळी उठली, की ती एकाच माणसासाठी असते. कुणाचा तरी कॉम्प्युटर सुरू व्हायला तयार नाही, एवढाच तिचा अर्थ.

बड्डे मराठी आहे. म्हणजे जबलपुरी मराठी. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत, १८१७च्या आधी कधीतरी आपले पूर्वज नर्मदाकाठी आले, असं तो सांगतो. त्याचा पुरावा कुणी मागत नाही, कारण पुरावा शोधायला तो कॉम्प्युटर उघडेल ही भीती असते. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी सरकारी, आणि नोकरीत नेमकं काय करतो हे त्याच्या बायकोलाही नीट सांगता येत नाही. संध्याकाळी आणि रविवारी मात्र तो पंचवीसेक किलोमीटर स्कूटर हाकत भेडाघाटला येतो, तो नौकाविहारासाठी नव्हे.

हा नमुना एकट्या भेडाघाटचा नाही. नागपूर, डोंबिवली, न्यू जर्सी, कुठेही मराठी माणसं जमली की त्यांत एक बड्डे निघतोच. ओळखायची खूण सोपी. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये तीन ऑपरेटिंग सिस्टीम असतात आणि तुमच्यात एकच आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा हळहळीने भरून येतो. ‘एकच?’ असं तो विचारतो. मूल एकच आहे म्हटल्यावर जुन्या बायका विचारायच्या, त्या सुरात.

त्याचा युक्तिवाद बिनतोड असतो. एक सिस्टीम बिघडली तर हाताशी दुसरी असावी. यात गफलत एवढीच, की पहिली बिघडते ती दुसरी टाकताना.

माझ्या काकूचं भेडाघाटला छोटं लॉज आहे. मराठी परिक्रमावासी ‘नर्मदे हर’ म्हणत येतात, त्यांना ती पैसे लावत नाही. पर्यटकांना लावते आणि त्यांना बिल द्यावं लागतं, म्हणून कॉम्प्युटर. विंडोज होतं, प्रिंटर चालत होता, सगळं सुरळीत होतं. बड्डेला ते बघवलं नाही. ‘काकू, व्हायरस आला तर?’ तो म्हणाला, आणि तासाभरात शेजारी लिनक्स बसवून मोकळा झाला. तेव्हापासून बटण दाबलं की काळ्या पडद्यावर यादी येऊ लागली आणि कॉम्प्युटर रोज सकाळी काकूला विचारू लागला, की कशात उघडू? संगमरवराच्या कड्यांमधून नाव जाताना एका ठिकाणी पुढची वाट बुजल्यासारखी दिसते. तिथे नावाडी वल्हं थांबवून विचारतो, ‘बताओ, रास्ता किधर है?’ तसंच हे. फरक इतकाच, की नावाड्याला उत्तर माहीत असतं.

यादीतली इंग्रजी नावं काकूला कळेनात, तेव्हा बड्डेने ती बदलून दिली. लिनक्सला ‘नर्मदा’ आणि विंडोजला ‘गंगा’. राज कपूरचा १९६० सालचा ‘जिस देश में गंगा बहती है’ इथेच चित्रित झाला होता, तेव्हा भेडाघाटात गंगा पूर्वीही खपून गेलेली आहे, असं त्याचं म्हणणं. काकू नर्मदेची निस्सीम भक्त. ती बिलासाठी रोज ‘नर्मदा’ निवडायची आणि प्रिंटर रोज मख्ख बसायचा.

बड्डेची झोळी हा स्वतंत्र विषय आहे. तिच्यात पेन ड्राइव्ह असतात, ओळखीसाठी बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिलेले. लाल ठिपका विंडोजचा, गुलाबी उबुंटू नावाच्या लिनक्सचा आणि दोन्ही ठिपके असलेला ‘अतिदक्षता’. शिवाय स्क्रू ड्रायव्हर, मदरबोर्डचा बटणासारखा गोल सेल आणि पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या जुन्या सीडी. या सीडींना इतिहास आहे. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी मागेल त्याला पोस्टाने, घरपोच, फुकट मिळत. आयुष्यात जी गोष्ट फुकट आणि परदेशी तिकीट लावून येते, तिच्यावर बड्डेसारखा माणूस मोहित झाला तर नवल नाही. त्याने सगळ्या नातेवाइकांच्या नावे मागवल्या. आजीच्या नावेही एक आली. आजीने ती तुळशीजवळ दोऱ्याने टांगली. चिमण्यांना दूर ठेवण्याच्या कामात तिने एकदाही दगा दिला नाही, आणि बड्डेने बसवलेल्या उबुंटूबद्दल असं बोलता येईल अशी दुसरी प्रत मला ठाऊक नाही.

त्याला विचारू नये असा प्रश्न म्हणजे, ‘पण हे झालं कशामुळे?’ कारण मग तो १९९२पासून सुरू करतो. तेव्हा सिस्टीम सुरू करून देणारा लिलो नावाचा बूटलोडर होता. सुरू होताना तो आपल्याच नावाची चार अक्षरं एकेक करून पडद्यावर काढायचा आणि कुठल्या अक्षराशी अडला त्यावरून दुखणं कळायचं. ‘एल-आय’वर थांबला तर अमुक, ‘एल-आय-एल’वर थांबला तर तमुक. ‘काय नाडी होती!’ बड्डे उसासा टाकतो. मग १९९५मध्ये एरिक बोलिन यांनी त्याच कामाचा ग्रब आणला, त्याची कथा. मग हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर. सगळे मिळून ५१२ बाइट. त्यांतले ४४६ सुरुवातीच्या प्रोग्रामला, ६४ विभागांच्या नोंदींना आणि उरलेले दोन सहीशिक्क्याला. विंडोज नव्याने टाकलं, की ते त्या ४४६ बाइटांत आधी कोण राहत होतं याची चौकशीही न करता आपलं बिऱ्हाड मांडतं. नवीन मशीनमध्ये ही भानगड गेली, प्रत्येक सिस्टीमला आपापली फाइल ठेवायला वेगळा विभाग आला, आणि त्यामुळे भांडणं सुटली असं कुणी म्हटलं तर बड्डे दुखावतो. ‘भांडणं आहेत, काका. फक्त जागा मोठी झाली.’

शरद पौर्णिमेचा प्रसंग तर लॉजच्या इतिहासात जमा झाला आहे. चांदण्यातले कडे बघायला त्या दिवसांत गर्दी उसळते, नर्मदा महोत्सव असतो, एकही खोली रिकामी नसते. पौर्णिमेच्याच संध्याकाळी बड्डेने येऊन ‘जागा कमी पडून राहिली’ म्हणून विंडोजमधूनच लिनक्सचा विभाग पुसून टाकला होता. विभाग गेला, पण सुरुवातीला दारात उभा राहणारा ग्रब तिथेच राहिला, आणि त्याच्या साऱ्या फायली त्या पुसलेल्या विभागात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द उमटले. रांगेत बिलासाठी माणसं. काकूने खण उघडला, जुनं बिलबुक काढलं आणि कार्बन घालून लिहायला बसली.

बड्डे आला. आता खरं म्हणजे लाल ठिपक्याचा पेन ड्राइव्ह लावायचा, विंडोजची दुरुस्ती उघडायची, एक आज्ञा द्यायची आणि ग्रबला घरी पाठवायचं, इतकंच काम. पाच मिनिटांचं. पण ग्रब काढायचा हा विचार बड्डेच्या मनाला शिवत नाही. त्याने काय केलं? ग्रबला फायली हव्या होत्या, म्हणून नवं लिनक्स टाकलं. विंडोज सुरू व्हावं यासाठी! दुपार कलली तेव्हा यादी पुन्हा दिसू लागली. ‘झालं, काकू.’ यादीत एकटी ‘नर्मदा’.

‘गंगा कुठंय रे?’

‘आहे की. फक्त दिसत नाही.’

‘आत्म्यासारखी का?’

बड्डेने यावर गंभीरपणे सांगितलं, की २०२१च्या ग्रबपासून शेजारच्या सिस्टीम शोधण्याची सोय सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेली असते, ती एक ओळ लिहून चालू करावी लागते. ओळ लिहिली, गंगा प्रकटली. तोवर शेवटचा पाहुणा हाताने लिहिलेलं बिल घेऊन जबलपूर स्टेशनावर पोचलेला होता.

नव्या लिनक्सची प्रसादी दुसऱ्या दिवशी मिळाली. लॉज दहाला सोडायचं असतं. एक गृहस्थ बारा वाजता खाली आले. काकूने अर्ध्या दिवसाचं जादा भाडं सांगितलं, तर त्यांनी बिलावर बोट ठेवलं. छापील वेळ सकाळी साडेसहा. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी पुरावा म्हणून मानायला नकार दिला. झालं असं, की मदरबोर्डच्या घड्याळात लावलेली वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स ग्रिनिचची. रात्री बड्डेने लिनक्स चालवून बंद केलं तेव्हा त्याने जाता जाता घड्याळ ग्रिनिचला लावलं, आणि सकाळी विंडोजने तीच वेळ भेडाघाटची मानली. साडेपाच तास मागे. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली आणि काकूचं अर्ध्या दिवसाचं भाडं ग्रिनिचने बुडवलं. हे एका ओळीत दुरुस्त होतं, हे बड्डेला माहीत होतं. त्याने ती ओळही सांगितली, पण आधी अक्षांश-रेखांश समजावून.

माझ्या मते बड्डेचं खरं रूप दुरुस्तीत दिसत नाही, संकटात दिसतं. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजचं एक अपडेट आलं आणि जगभर कितीतरी लोकांचं शेजारचं लिनक्स उठेना. पडद्यावर सरळ लिहून यायचं, ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. माणसं हवालदिल झाली, बड्डेच्या चेहऱ्यावर तेज आलं. नागपूरहून, इंदूरहून, पुण्याहून फोन. ज्या भावकीने लग्नाची पत्रिका दिली नव्हती तीही ‘कसा आहेस बाळा’ म्हणू लागली. पुण्याच्या आत्याच्या लॅपटॉपमध्ये त्याने फोनवरून काही खटपट सांगितली, तर लॅपटॉपने बिटलॉकर या कुलपाची चावी मागितली. अठ्ठेचाळीस अंकी, सहासहाच्या आठ गटांत. चावी आत्याने कागदावर छापून देव्हाऱ्यात ठेवली होती. चष्मा देव्हाऱ्यात नव्हता. शेवटी तो सापडल्यावर तिने कागद बड्डेलाच वाचून दाखवायचं ठरवलं आणि सुटे अंक न सांगता पूर्ण संख्या सांगू लागली, ‘पाच लाख सदतीस हजार आठशे एकोणनव्वद’. शाळा हिंदीतून झालेल्या बड्डेने एकोणनव्वदला नव्व्याण्णव समजून तसंच परत सांगितलं. आत्याने टंकलं. गटातला आकडा चुकला की ती चावी तिथल्या तिथे ओरडते, तशी ओरडली. आत्या म्हणाली, ‘तुमच्याकडे आकडेसुद्धा दोन सिस्टीममध्ये आहेत वाटतं.’

त्याच्यावर रागावणं जमत नाही, कारण तो पैसे घेत नाही. कपभर चहा, फार तर खोव्याची जलेबी. हीच खरी मेख आहे. पैसे घेणाऱ्याला जाब विचारता येतो. फुकट राबणाऱ्याला तुम्ही फक्त आणखी एक जलेबी वाढू शकता, आणि जलेबी खाऊन होईस्तोवर त्याला दुसरं काहीतरी सुचतं.

त्याचं म्हणणं पूर्णपणे बरोबर निघालं असं मी एकदाच पाहिलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. काकूचं मशीन जुनं, त्यात विंडोज ११ला लागते ती सुरक्षा चिप नाही. भाचेमंडळी म्हणाली नवीन घ्या. बड्डे म्हणाला, कशाला? काकूचं काम ते काय, एक वही आणि एक बिल. नुसत्या लिनक्सवर हे यंत्र अजून काही वर्षं चालेल, आणि प्रिंटरही आता चालतो. त्याने प्रिंटर चालवून दाखवला. सगळे गप्प झाले. काकू म्हणाली, ‘मग काढ तो विंडोज. एकच ठेव.’

बड्डेने मान डोलावली, पण त्याचा रंग उतरला होता. पुसण्याचं काम त्याने दिवसभर केलं. काकूने संध्याकाळी बटण दाबलं. यादी नाही, प्रश्न नाही, घड्याळ बरोबर. कॉम्प्युटर सरळ सुरू झाला. बड्डे शेजारी उभा राहून बघत होता. मग खिशातला रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाला, ‘काकू, डिस्कवर वीस जीबी मोकळे सोडलेत. पुढेमागे लागले तर.’

‘कशाला लागतील?’

‘असंच. फ्रीबीएसडी म्हणून एक आहे.’

काकूने त्याला चहा दिला, जलेबी दिली, फाटकापर्यंत पोचवलं. परत येऊन तिने गोलबाजारातल्या दुकानदाराला फोन लावला आणि कार्बनपेपरासकट दोन नवी बिलबुकं सांगितली.