२००८ मानांकित

भिंत कुणाची ते सांगत नाही. शाळेची असेल, सोसायटीची असेल. अंगणवाडीपासून पुढे आता सगळेच मानांकित. दौंड तालुक्यातल्या राहूच्या बेटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलं की वाचायला वेळच वेळ, म्हणून वाचली. हातभर अक्षरं: 'आयएसओ ९००१:२००८ मानांकित'.

त्या २००८ वरून माझी नजर हटेना. ही मानकाची आवृत्ती. २०१५ मध्ये नवी आली, जुन्या प्रमाणपत्रांना तीन वर्षांची सवलत मिळाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये २००८वाली झाडून सगळी बाद झाली. भिंत मात्र बाद झाली नाही. साहेब यायचे म्हटलं की तिला नवा हात मिळतो. रंगारी जुन्याच अक्षरांवरून ब्रश फिरवतो आणि २००८ आणखी ठळक होतं. नव्या पोरांना ते स्थापनेचं साल वाटतं. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, त्यातही दरवर्षी तपासणी. ऑईलपेंटला तपासणी नाही. म्हणून शहाणी माणसं कागद फायलीत ठेवतात आणि विश्वास रंगावर.

बरं, आयएसओ स्वतः कुणाला प्रमाणपत्र देतच नाही. ती जिनिव्हात बसून मानकं लिहिते. तपासणारे वेगळे, त्या तपासणाऱ्यांना तपासणारे आणखी वेगळे. शिवाय ९००१ माल पारखत नाही, कामाची पद्धत पारखतं. आपण त्यातून सोयीचं तेवढं घेतलं: नळाला पाणी नसलं तरी चालेल, पाणी नसल्याची नोंद रोज त्याच रजिस्टरात हवी.

याच बेटात गुऱ्हाळावर गुळव्या उभा असतो. भेंडीचं पाणी घालून मळी काढतो, उकळता पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो आणि म्हणतो, "उतरवा." तेवढ्या एका शब्दावर काहील वाफ्यात रिकामी होते. जरा उशीर झाला की गूळ करपला, जरा घाई झाली की ढेप बसत नाही. त्याची परीक्षा दर काहिलीला, निकाल त्याच दिवशी, आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज नाही. हा माणूस कर्ज मागायला गेला, तर टेबलापलीकडचा विचारतो, "कौशल्याचं प्रमाणपत्र आहे का?" अहो, द्यायचं कुणी? दोन दिवसांचं शिबिर करून, चहाबिस्किटं खाऊन, सोनेरी शिक्क्याचा कागद घेऊन आलेल्याला तुम्ही खुर्ची देता, आणि ज्याच्या हाताखाली तो शिबिरवाला पंधरवडाभरही टिकणार नाही त्याला उभं ठेवता! त्याच्या हातावर पाकाच्या चटक्यांचे डाग आहेत. त्यांची झेरॉक्स काढून स्वसाक्षांकित करून जोडायची का?