पीव्ह्जचा वांधा

मार्केट यार्डातल्या कांदा-बटाटा विभागात दुपारी चक्कर मारा. लिलाव उरकलेले असतात, हमाल भाकरीला गेलेले असतात आणि एखाद्या गाळ्याच्या गादीवर दिवाणजी मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन बसलेले दिसतात. खतावणी समजून डोकावाल, तर निघतं 'हॅरी पॉटर आणि परीस'.

'पुस्तकात असं नव्हतं' म्हणणाऱ्या जमातीतले हे गृहस्थ. ही जमात कोथरुडातही मुबलक आहे, पण तिथले नुसते हळहळतात. यार्डातला माणूस पट्टी करतो. 2001 साली ख्रिस कोलंबसने काढलेल्या पहिल्या हॅरी पॉटर सिनेमाची दिवाणजींनी वहीत रीतसर काटापट्टी केलेली आहे. आवक : सतरा प्रकरणं. भरणा : 152 मिनिटं. त्याखाली तूट.

तुटीत पहिलं नाव पीव्ह्ज. हॉगवर्ट्सच्या वाड्यात उच्छाद मांडणारं हे भूत सिनेमात औषधालाही नाही. बरं, घेतलंच नव्हतं असंही नाही. रिक मेयल या नटाला घेऊन चित्रीकरण झालं आणि मग सगळं कापलं. "म्हणजे गाडी यार्डात आली, खाली झाली, आणि पट्टीत नोंदच नाही!" दिवाणजींचा आवाज इथे शेजारच्या गाळ्यापर्यंत जातो. त्यानंतर स्नेपच्या सात बाटल्यांचं कोडं, जे हर्मायनी डोक्याने सोडवते. तेही गायब. अजगराची तर जातच बदलली : पुस्तकात बोआ, पडद्यावर ब्रह्मदेशी. हॅरीचे डोळे हिरव्याचे निळे झाले. आणि अमेरिकेसाठी परिसाचं इंग्रजी नावच वेगळं ठेवल्यामुळे ते नाव येणारे प्रसंग दोनदा चित्रित केले. एका मालावर दोन मार्के! असं यार्डात कुणी केलं तर बाजार समिती नोटीस काढेल, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

"आजोबा, वेळ पुरत नसेल हो त्यांना," नात समजावते.

"सातव्या पुस्तकाचे दोन सिनेमे केले, तेव्हा बरा पुरला?"

याला उत्तर नाही. पुस्तकं सात, सिनेमे आठ, हे खरंच आहे.

तुटीचा भार कुणी सोसायचा, यावरही त्यांचं मत पक्कं आहे. 2016 साली फळं-भाज्यांची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून निघून खरेदीदाराकडे गेली. तसंच इथेही वाचकाकडून काही कापू नये, निर्मात्याकडून वसूल करावं.

आता तुम्हाला वाटेल, या माणसाला सिनेमा मुळीच आवडत नसणार. शनिवारी यार्डाला सुट्टी. त्या दिवशी घरचा टीव्ही दिवाणजींच्या ताब्यात असतो आणि बहुतेक वेळा त्यावर हाच सिनेमा चालू असतो. हॅग्रिड झालेला रॉबी कोल्ट्रेन दार पाडून आत येतो, तेव्हा ते मान डोलावतात : "वजन बरोबर आहे. कडता नाही." बुद्धिबळाच्या प्रसंगात तर चहाही मागत नाहीत. एकदा एका तोलणाराच्या कॉलेजातल्या पोराने 'जुना झालाय आता, ग्राफिक्स बघवत नाहीत' असा शेरा मारला. दिवाणजींनी त्याला अर्धा तास सुनावलं. तूट काढायचा हक्क ज्याने माल आधी वाचलाय त्याचा. बाकीच्यांनी गप्प बघावं, असा त्यांचा कायदा.

आता एचबीओ याच पुस्तकांवर मालिका काढणार आहे, एका पुस्तकाला एक अख्खा सीझन. बातमी कळताच दिवाणजींनी नवी वही आणली. पहिल्या पानावर पीव्ह्जचं नाव लिहून पुढचा रकाना कोरा ठेवलाय. तुम्ही कधी त्या गाळ्यावर गेलात, तर कांद्याचा भाव खुशाल विचारा. 'मी पुस्तक नाही वाचलं, पण सिनेमा छान आहे' एवढं मात्र म्हणू नका.