एक मिलिमीटरचे आबा

नानांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, व्हर्निअर असतो. चिंचवडच्या एका कारखान्यात आधी टूलरूम, मग क्वालिटी, अशी उभी नोकरी झाली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं (शालीच्या काठाचा एक धागा सुटलाय हे त्यांनी व्यासपीठावरच अध्यक्षांच्या लक्षात आणून दिलं) आणि दुसऱ्या दिवसापासून घरात इन्स्पेक्शन सुरू झालं. पोळीची जाडी, शेगडीची लेव्हल, दाराच्या कडीतला प्ले. पिंपळे सौदागरपासून निगडीपर्यंत दर सोसायटीत असा निदान एक नाना असतो. लिफ्ट बंद पडली की मेकॅनिकच्या आधी तोच पोचतो आणि मेकॅनिक गेल्यावरही तिथेच उभा असतो.

अशा माणसाच्या हाती भिंतीवरच्या फोटोंचं काम द्यायचं नसतं. सुनेनं दिलं.

निमित्त आबांचं झालं. आबा म्हणजे नानांचे वडील. हॉलला रंग द्यायचा म्हणून त्यांची जुनी फ्रेम उतरवली, तर इतक्या पावसाळ्यांची ओल खाऊन फोटो काचेला चिकटलेला, कडेनं पांढरी बुरशी आणि टोपीचं टोक कसरीनं खाल्लेलं. मुलानं तो स्कॅन करून दुरुस्त करून घेतला. सून म्हणाली, "बाबा, हल्ली मेटलवर प्रिंट करून मिळतो. काच नाही, फ्रेम नाही, ओल लागत नाही, ओल्या फडक्यानं पुसता येतो. आबांचा करू, आमच्या लग्नाचा एक करू आणि कोकणकड्याचा एक."

'मेटल' म्हटल्याबरोबर नानांनी पेपरची घडी केली. "कुठलं मेटल? किती गेज?"

"अॲल्युमिनियम असतं."

"म्हणजे जर्मनच्या पत्र्यावर?" आतून काकू. "सासूबाईंनी जन्मात जर्मनचं भांडं घरात येऊ दिलं नाही, आणि तुम्ही मामंजींनाच त्याच्यावर चढवताय?"

शिवाजीनगरच्या एका लॅबमध्ये नाना गेले, आणि साक्षीदार लागतो म्हणून मला नेलं. काउंटरवरचा मुलगा भला होता. त्यानं नीट समजावलं: फोटो आधी एका खास कागदावर उलटा छापायचा, आरशात दिसतो तसा. पत्र्यावर कोटिंग असतं, त्यावर तो कागद ठेवून प्रेसमध्ये दोनशे डिग्रीच्या आसपास दाबायचा. शाई पातळ न होता थेट वाफ होते आणि कोटिंगच्या आत शिरते, म्हणून रंग वरवर बसत नाही.

"सब्लिमेशन," नाना म्हणाले. "कापूर." आणि मग, "प्रेसच्या चारही कोपऱ्यांत तापमान सारखं आहे हे कशानं मोजता?"

मुलानं मालकांना हाक मारली. मालक येईपर्यंत व्हर्निअर खिशातून बाहेर आला होता.

"तुम्ही म्हणालात एक मिलिमीटर. हे एक पॉइंट एक चार आहे."

"मग जास्तच आहे की काका!"

"जास्त म्हणजेही चूकच."

त्यानंतर त्यांनी पत्र्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, बर राहिली आहे का पाहिलं, कोपरे गोल करून मिळतील का विचारलं (घरात नातू आहे, त्याच्या हातात कायम बॅट असते), आणि नमुन्याचे तुकडे मागून घेतले. पांढऱ्या कोटिंगवर ग्लॉस, पांढऱ्यावर मॅट, आणि धातू तसाच उघडा दिसणारा एक. ते तुकडे लोक भिंतीला लावून बघतात. नानांनी त्यांचं टेस्टिंग केलं. एक बाथरूममध्ये गिझरखाली. एक शेगडीमागे, फोडणीच्या वाटेत. त्याच्यावर तेलात कालवलेली हळद लावून रात्रभर ठेवली आणि सकाळी पुसली. पुसली गेली. तिसरा अर्धा चिकटपट्टीनं झाकून मे महिन्यात गच्चीच्या कठड्यावर, ऊन लागलेला आणि न लागलेला भाग शेजारी शेजारी पाहता यावा म्हणून. महिन्यानं पट्टी काढली, काही फरक नव्हता. दुसरा कुणी खूश झाला असता. नाना दोन दिवस गप्प होते. "रंग उन्हानं उडतोच, वर्षं लागतात," एवढं म्हणून त्यांनी पश्चिमेची भिंत बाद केली.

माझं स्पष्ट मत असं, की या जातीच्या माणसाला निवडायचं नसतंच. त्याला नाकारायचं असतं. आयुष्यभर त्याला पगार नाकारण्याचा मिळाला. घरात नाकारण्यासारखा माल संपला की त्याचं ब्लड प्रेशर वाढतं आणि डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा.

पहिला ट्रायल प्रिंट आबांचाच काढला, आणि तो उघड्या धातूवर. "धातू आहे तर धातू दिसू दे," हा नानांचा आग्रह. मालक सांगत होते की या शाईत पांढरा रंग नसतो. फोटोत जिथे पांढरं, तिथे खालचा पत्रा दिसणार. नानांनी ते ऐकलं, वहीत लिहिलंही. पण आबा नखशिखांत पांढरे होते. टोपी पांढरी, सदरा, धोतर, मिशासुद्धा. प्रिंट घरी आला तेव्हा नुसतं तोंड आणि पायांतल्या वहाणा तेवढ्या आबांच्या होत्या. बाकी सगळा लखलखाट.

"मामंजींना कल्हई केलीत," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आबा पुन्हा पांढऱ्या कोटिंगवर निघाले. पहिले आबा अजून माळ्यावर आहेत, वर 'रिजेक्ट' अशी चिठ्ठी आहे.

मधल्या काळात नानांनी वाचन वाढवलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना ते उठले आणि म्हणाले, जगातला सर्वांत जुना टिकलेला कॅमेऱ्याचा फोटो निएप्स नावाच्या फ्रेंच माणसानं 1820च्या दशकात आपल्या घराच्या खिडकीतून घेतला, तो कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर आहे. पुढे 1839 मध्ये दागेरनं जाहीर केलेली रीत, तीही चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. "कागद मागाहून आला. मूळचा फोटो पत्र्याचाच." चेअरमन म्हणाले, ठराव टाकीचा आहे.

कोकणकड्याच्या फोटोवर बापलेकांत जुंपली. हरिश्चंद्रगडाच्या त्या कड्यावर मुलगा आणि सून पालथे पडून खाली बघतायत, मागे ढग. फोटो सुंदरच आहे. पण तो व्हॉट्सअॅपवरून आलेला. नानांनी विजेच्या बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं: लांबी सोळाशे पिक्सेल, प्रिंट छत्तीस इंच, भागाकार केला की इंचाला चव्वेचाळीस ठिपके. लॅबवाले किमान दीडशे मागतात, तीनशे असले तर उत्तम.

"बाबा, लांबून छान दिसतो."

"लांबून रिजेक्शनही छान दिसतं."

मूळ फाइल मित्राच्या जुन्या फोनमध्ये निघाली, फोन त्याच्या आईकडे साताऱ्यात निघाला, आणि चार्जर कुणाकडेच निघेना. नाना एसटीनं जाऊन आले.

लग्नाच्या फोटोचं वेगळंच. सुनेला ग्लॉस हवा होता, शालूचा लाल मॅटमध्ये तसा उतरत नाही म्हणून. तिचं बरोबर होतं. ग्लॉसमध्ये रंग खोल दिसतो, हे तुकडे शेजारी धरले की कुणालाही कळतं. पण समोर खिडकी. नानांनी नमुना भिंतीला चिकटवला आणि हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीवर, सोफ्याच्या तिन्ही जागांवर आणि चौरंगावर बसून पाहिलं. दिवसा त्यात समोरची इमारत दिसे, रात्री नवरदेवाच्या बरोब्बर कपाळावर ट्यूबलाइट. "तुमच्या सासूबाईंची मालिका आबांच्या पोटावर चालू राहील," असं त्यांनी सुनेला बजावलं. शेवटी आबा मॅट, कडा मॅट, आणि लग्न ग्लॉसमध्ये पण खिडकीच्याच भिंतीला. त्यापायी सोफा, टीव्ही आणि तुळशीची कुंडी हलली.

आणि मग ठोकाठोक. अॅल्युमिनियमची घनता दोन पॉइंट सात, चोवीस बाय छत्तीस इंच, वजन पावणेदोन किलोच्या आत-बाहेर, हे नानांनीच काढलं होतं. तरी भिंतीत गिझरला लावतात तसले फास्टनर गेले. प्रिंटच्या पाठीला अर्ध्या इंचाची चौकट चिकटवलेली असते, तिच्यावर तो अडकतो आणि भिंतीपासून जरासा सुटून उभा राहतो. खाली बारीक सावली पडते. ती सावली नानांना फार आवडली. फोटोचा मध्य जमिनीपासून साठ इंचांवर, गॅलऱ्यांत सत्तावन्न ते साठ असतो म्हणून. काकूंची उंची चार फूट अकरा.

"तुमच्या गॅलरीतल्या बायका उंच असतील," त्या म्हणाल्या.

सत्तावन्नवर तडजोड झाली. घर कधी नव्हे ते शांत झालं, आणि नाना थोडे उतरल्यासारखे दिसू लागले. संध्याकाळी येऊन माझ्या दाराच्या बिजागऱ्या तपासून जायचे.

मग आबांची पुण्यतिथी आली. काकू झेंडूचा हार घेऊन आबांसमोर उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या. वर खिळा नाही, फ्रेमची कड नाही, अडकवायला काही म्हणता काही नाही. पत्र्याच्या वरच्या धारेवर दोरा टाकून पाहिला. हार सरकला, दोरा तुटला आणि फुलं टीव्हीमागे गेली.

"अहो, आता हार घालू कुठे?"

मी मुद्दाम नानांकडे बघत होतो. त्यांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली, चष्मा पुसला, खिशातून व्हर्निअर काढला आणि पुण्यतिथीच्या आमंत्रणाच्या पाठीमागे ब्रॅकेटचं ड्रॉइंग सुरू केलं. दोन हूक, मागच्या चौकटीतून वर येणारे, समोरून दिसणार नाहीत असे. अंतर हाराच्या रुंदीप्रमाणे कमी-जास्त होणारं.

"स्टेनलेसचाच करायचा," ते मला म्हणाले. "हाराचं पाणी गळतं. आपल्याकडे तीनशेचार चालेल. पण अलिबागच्या मेव्हण्यानं मागितला तर? खारी हवा. त्याला तीनशेसोळाच द्यावा लागेल. उद्या सकाळी मोकळा आहेस ना? भोसरीला जाऊन पत्रा बघून येऊ."