दयाळू कसे व्हावे (फारशी गैरसोय न होता)

दयाळूपणा मुळात अंगी असावा लागतो, अशी भीती घालून अनेक होतकरू माणसांना घरी बसवलं गेलं आहे. नवशिक्यानं तिकडे लक्ष देऊ नये. "फार प्रेमळ हो, जिन्यात भेटले तरी थांबून विचारपूस करतात" इथवर मजल मारायला मध्यम आकाराच्या सोसायटीत एक दिवाळी पुरते.

आरंभ एका वाक्यापासून करावा : "काहीही लागलं तर हक्कानं सांगा." हे वाक्य म्हणजे पूर्वजांची कमाई आहे. ज्याच्या घरी वडील गेलेत, त्यानंच आता काय लागतंय ते आठवायचं, कोणाला सांगायचं ते ठरवायचं, संकोच गिळायचा आणि मग फोन करायचा. तो करत नाही. आपण तर सांगून ठेवलेलं असतं. 'हक्कानं'वर जोर द्यावा, खांद्यावर हात ठेवावा आणि 'काहीही'चा तपशील चुकूनही देऊ नये. "मृत्यूचा दाखला आणायला उद्या मी जातो, कागद तेवढे काढून ठेव" असं बोलून बसलात तर खरोखर जावं लागतं. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्या, बँक, विमा, पेन्शन सगळीकडे लागतात, असलं नको ते ज्ञान रांगेत उभं राहिल्यावरच होतं.

आजाऱ्याला भेटायला जाणे हा या शास्त्रातला अवघड भाग, म्हणून थोडं विस्तारानं. जाताना शहाळं न्यावं. पेशंटच्या किडनीचं काय चाललंय ते विचारू नये. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि बिघडलेल्या किडनीला ते झेपत नाही, हे कळलं तर नेलेलं शहाळं परत आणायचं का, असा प्रसंग उभा राहतो. मग कॉटच्या कडेवर, शक्यतो सलाइनच्या नळीवर, बसून याच आजारानं गेलेल्या आपल्या साडूची हकीकत सांगावी. शेवटी "पण तुमचं तसं नाही हो" म्हणायला विसरू नये. कोपऱ्यातल्या बाकड्यावर पेशंटची बायको तीन रात्री तशीच बसून आहे, हे दिसू देऊ नये. दिसलंच तर "वहिनी, तुम्हीही स्वतःला जपा" एवढं पुरे. काही अडाणी माणसं इथे "वहिनी, मी बसतो दहापर्यंत, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करा, दोन तास पडा" म्हणतात. यात फायदा शून्य. त्या दोन तासांत पेशंट झोपलेला असतो, म्हणजे आपण येऊन गेलो याला साक्षीदारही उरत नाही.

दानाविषयी एकच सांगतो. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आशय उत्तम, पण पद्धत चुकलेली. जे स्वतःला हवंय ते द्यायचं नसतं. द्यायचा तो चेन बिघडलेला स्वेटर, एका डोळ्याचा टेडी आणि सोमवारची भाजी बुधवारी. हे सगळं कामाच्या मावशींना देऊन वर "आम्ही त्यांना घरच्यासारखंच मानतो" असं पाहुण्यांसमोर म्हणावं. मावशींचा चहाचा कप वेगळा असतो, तो खिडकीत ठेवावा. लिफ्टजवळ 'कामवाल्यांनी जिना वापरावा' अशी पाटी असल्यास तिच्याकडे कमिटीचा विषय म्हणून बघावं. पगारवाढ, भरपगारी रजा वगैरे गोष्टी दयेत येत नाहीत, त्या व्यवहारात मोडतात.

रक्तदान नेत्याच्या वाढदिवसाला, फ्लेक्सखाली करावं. निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी रक्त देता येतं, ही बातमी घरात फार पसरू देऊ नये.

अपघाताच्या बाबतीत मात्र सरकारनं आपल्याला गोत्यात आणलं आहे. "नको रे बाबा, पोलिसांचं लचांड मागे लागेल" ही सबब पिढ्यान् पिढ्या पुरली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे 2020 मध्ये केलेल्या नियमांत जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असं ठरलं. तेव्हा आता "बाजूला व्हा, त्यांना वारा येऊ द्या" असं ओरडत गर्दीच्या मधोमध उभं राहावं. कबुतरांना दाणे टाकणं आणखी सोपं. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला, तरी आपली बाल्कनी आहेच. विष्ठेनं आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसं शेजारच्या आजोबांची जातात, पुण्य आपल्या खात्यावर जमा होतं.

आदर्श म्हणून गाडगेबाबांचा फोटो लावायला हरकत नाही. बाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण क्रम थोडा बदलावा : आधी कीर्तन करावं, मग वेळ उरल्यास बघू.

एक धोका सांगून ठेवतो. प्रत्येक इमारतीत एखादा इसम या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवायला बसलेला असतो. दिसायला तो मुळीच दयाळू नसतो. बहुधा तुसडाच असतो. लिफ्टमध्ये हसत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेली चित्रं टाकत नाही, "काय कटकट आहे" असं पुटपुटत राहतो आणि पुटपुटतच वॉचमनच्या मुलीचा शाळाप्रवेशाचा फॉर्म भरून देतो. दाखल्याच्या रांगेतही हाच सापडतो. अशा माणसामुळे इतरांचा प्रेमळपणा फिका पडतो. त्याच्यावर एकच उतारा जाणकार सांगतात : त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करावं. टँकरची बिलं, पार्किंगची भांडणं आणि गळक्या स्लॅबखाली राहणारे दोन कुटुंबप्रमुख, एवढ्यावर भलीभली माणसं वर्षभरात ताळ्यावर येतात.

आमच्याकडे हा प्रयोग चालू आहे. गृहस्थांनी पहिल्याच सभेत लिफ्टजवळची ती पाटी काढण्याचा ठराव मांडला. सूचक ते स्वतःच. अनुमोदकाचा शोध चालू आहे. सगळ्यांनी त्यांना काहीही लागलं तर हक्कानं सांगायला सांगितलं आहे.