टेपवाले दाजी

दाजींना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांना काका म्हणत असतील, भावोजी म्हणत असतील, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून ते तुमच्या वाट्याला आले असतील. लग्नाच्या हॉलमध्ये पाय टाकल्याबरोबर हात धुवायची जागा कुठे आणि जनरेटर आहे का, याची पाहणी करून येणारा माणूस तो हाच. रेल्वेने जायचं असेल तर आदल्या दिवशी स्टेशनात जाऊन आपला डबा फलाटावर साधारण कुठे लागतो ते बघून येतो. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहेत. त्यामुळे मूळच्या रोगाला धंद्याची जोड मिळाली. कमरेला कायम पाच मीटरचा स्टीलचा टेप. झोपताना दाजी घड्याळ काढून ठेवतात; टेप काढतात की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत.

अशा माणसाच्या मुलीला शाळेतल्या मैत्रिणीने इमॅजिका या थीम पार्कची गोष्ट सांगितली. पहिली-दुसरीतली पोर. घरी येऊन म्हणाली, "बाबा, मलापण." सामान्य बाप यावर काय करतो? दोन महिने टाळतो, मग एका रविवारी तिकिटं काढतो, पोरांना गाडीत कोंबतो, जातो, उन्हात भाजतो, बायकोशी भांडतो आणि परत येतो. पोरं खूश असतात. दाजींनी वही केली.

वहीवर 'चिमी – इमॅजिका – पूर्वतयारी' असं ठळक अक्षरात. आत रकाने. रविवार नको, गर्दी. दिवाळीची सुट्टी नको, सगळं पुणं तिथेच. नाताळ नको. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, म्हणून तेही नको. मे महिन्यात घाटाखालचं ऊन सोसवणार नाही. जून ते सप्टेंबर पाऊस; जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. असं करत करत दाजींनी वर्षाला इतकी कात्री लावली की शेवटी एक मंगळवार उरला. दाजींनी तो लाल पेनाने गोल केला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. "पाव्हणं, गर्दी म्हणजे काय ते त्या दिवशी तिथं कुणाला माहीतसुद्धा नसणार."

अभ्यास इमॅजिकावर थांबला नाही. थेट अमेरिकेला पोचला. 17 जुलै 1955 ही तारीख दाजींना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. त्या दिवशी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. आमंत्रितांसाठी ठेवलेल्या दिवशी लोक खोटी तिकिटं घेऊन घुसले. नुकतंच घातलेलं डांबर उन्हाने मऊ पडलं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. वर प्लंबरांचा संप झालेला. वेळ इतका कमी की एक तर पाणी प्यायचे नळ सुरू होतील, नाहीतर संडास. "मग डिस्नेनं काय निवडलं?" दाजी जेवणाच्या ताटावर विचारतात. "संडास! मोठा माणूस उगाच होत नाही." डांबराचा भागही ते तितक्याच हळहळीने सांगतात, कारण डांबर लवकर उघडायला दिल्याचे परिणाम त्यांनी धंद्यात पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हापासून आमच्याकडे कुठल्याही सहलीच्या यादीत पहिल्या ओळीला संडास आणि दुसऱ्या ओळीला सांडगी मिरची असते.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण तेवढ्यात दाजींना राइडवरच्या उंचीच्या अटीचा शोध लागला, आणि टेप बाहेर आला.

तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरचा प्रश्नच नव्हता. तो चाळीस मीटर उंचीचा, पायाखाली फळी नसलेला, ताशी शंभराच्या वर जाणारा प्रकार मोठ्यांसाठीच आहे, हे दाजींनाही मान्य. त्यांची नजर मधल्या एका रोलर कोस्टरवर होती. तिथल्या रेषेला चिमी अगदी टेकायला आली होती. मग स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, नव्या रंगाच्या भिंतीवर, पेन्सिलीच्या खुणा सुरू झाल्या. नुसता टेप नव्हे. पोरगी भिंतीला पाठ लावून उभी. टाचा, पाठ, डोकं एका रेषेत आहे की नाही ते ओळंबा सोडून बघायचं, मग डोक्यावर गवंडीकामाचा गुण्या काटकोनात ठेवायचा, मग खूण, मग टेप. डॉक्टरसुद्धा साधारण असंच मोजतात, एवढं मी दाजींच्या बाजूने सांगतो. फक्त डॉक्टर रोज मोजत नाहीत.

रोज का? कारण माणूस सकाळी उंच असतो. हे दाजींनी कुठेतरी वाचलं, आणि दुर्दैवाने ते खरं आहे. मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभर वजन झेलून दबतात, रात्री आडवं झाल्यावर पुन्हा फुगतात. संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर तरी उंची घटते. भिंतीवर 'स.' आणि 'सं.' अशा दोन ओळी चढू लागल्या. 'स.' रेषेला टेकत होती. 'सं.' टेकत नव्हती. चिमी राइडला पात्र होती, पण फक्त न्याहारीच्या आधी.

जाड तळव्याचे बूट घेण्याचा विषय एकदा निघाला होता. अक्काने मोडता घातला. "पोरीला खोटं करायला शिकवायचं नाही." दाजींना ते पटलं. पण सकाळची उंची ही काही खोटी उंची नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता, आणि त्याला अक्काकडे उत्तर नव्हतं.

तरीही नाहीच घेतलं तर? दाजींच्या वहीत 'तर' या शब्दाला वेगळं पान असतं. पोरगी ऐनवेळी रडली तर दिवस वाया जाणार, म्हणून नकाराची रंगीत तालीम सुरू झाली. लिफ्टच्या दाराशी दाजी केरसुणीची दांडी उभी धरून राइडवाला काका बनायचे. चिमी हसत पुढे यायची. दाजी दांडीकडे बघून मान हलवायचे. "बाळा, उंची कमी आहे. बाजूला हो." पहिल्या तालमीला ती एवढी रडली की खालच्या मजल्यावरचे वर आले. दुसऱ्या तालमीला फुरंगटली. आठवड्याभरात ती नखं बघत, अत्यंत सभ्यपणे म्हणू लागली, "ठीक आहे काका. पुढच्या वर्षी येते."

तालीम फार चांगली बसली हाच घोळ झाला. भाजीवाला म्हणाला, मटार संपले. चिमी म्हणाली, ठीक आहे काका, पुढच्या वर्षी येते. शाळेच्या गॅदरिंगला नाचातून तिचं नाव कापलं. बाईंनाही तेच ऐकवून पोरगी शांतपणे जागेवर जाऊन बसली. बाईंनी अक्काला बोलावून मुलगी फार समजूतदार असल्याबद्दल कौतुक केलं. अक्का घरी येऊन रडली. आम्हाला त्या वयात कुणी नाचातून काढलं असतं तर आम्ही बाईंच्या पदराला लोंबकळलो असतो.

मंगळवार उजाडला. गाडीत मागच्या सीटवर चिमीला आडवं झोपवलं होतं, कारण बसलं की मणके दबतात. डोकं अक्काच्या मांडीवर, पाय माझ्या. राइडच्या रेषेसाठी एवढा जीव टाकणाऱ्या माणसाने पोरीला एक्स्प्रेसवेवर बिनपट्ट्याची झोपवून नेली, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं आणि इथेही लिहून ठेवतो. असं आडवं पडून घाट उतरल्यावर व्हायचं तेच झालं. दाजींनी पिशवी, टॉवेल, लिंबू हे सगळं आणलं होतं. वहीत ते होतंच.

वहीत नव्हतं ते खोपोली सोडल्यावर दिसलं. रस्त्यावर गाड्यांची रांग. हार-नारळाचे स्टॉल. अनवाणी चालणारी माणसं. शाळांच्या सहली, नाताळ, पाऊस, ऊन या सगळ्यांना चुकवून दाजींनी जो मंगळवार निवडला होता तो अंगारकीचा होता. महडचा वरदविनायक तिथून जवळ, आणि इमॅजिकाचा जो रस्ता तोच पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो. निम्मा महाराष्ट्र आमच्या पुढे होता. अक्काचा उपास असणार हेही तेव्हाच सर्वांच्या लक्षात आलं. तिने सकाळीच बटाट्याचा कीस करून घेतला होता, पण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून घड्याळाकडे बघत होते. तिकडे चिमी मिलिमीटरने खाली येत होती.

गेटवर पिशव्या तपासल्या. टेप सोडला. गुण्यावर जरा चर्चा झाली. ओळंबा मात्र गार्डने दोरीला धरून वर उचलला, त्याचं टोकदार नाक न्याहाळलं आणि विचारलं, "हे काय हत्यार आहे?" "ओळंबा आहे, सरळ आहे की नाही ते कळतं," दाजी म्हणाले. गार्डने दाजींना आपादमस्तक पाहिलं आणि ओळंबा ठेवून घेतला.

राइडपाशी कामाला होता तो विशीतला पोरगा. चिमी पट्टीखाली उभी राहिली, पाठ ताठ, हनुवटी वर. डोकं आणि पट्टी यांच्यात उजेड दिसत होता. पोऱ्याने मान हलवली. दाजींनी टेप काढला. मग गुण्या काढला. मग खाली वाकून फरशीवर हात फिरवला आणि जाहीर केलं, "इथं पाणी जायला ढाळ दिलाय. पोरगी उताराच्या बाजूला उभी आहे. दोन एमएमचा फरक इथंच पडला." मागे रांग वाढत होती. पोरगा शांत होता. "साहेब, टेप मला नका दाखवू. आतला दांडा मांडीवर बसला पाहिजे. तो लहान अंगाला बसत नाही, मग वळणावर माणूस सरकतं." एवढंच त्याचं म्हणणं. राइडवरची उंची म्हणजे धिटाईची परीक्षा नसते, दांडा कुठल्या मापाच्या अंगाला घट्ट बसतो त्याचा हिशेब असतो. सेफ्टी बेल्टशिवाय मजूर परांचीवर चढला तर त्याला शिव्या घालून उतरवणाऱ्या दाजींना हे कुणी सांगायला नको होतं.

चिमीने पोऱ्याकडे बघितलं. "ठीक आहे काका. पुढच्या वर्षी येते." आणि रांगेतून बाहेर पडली.

रांगेतल्या बायका कौतुकाने हसल्या. दाजी तिथेच उभे. टेप उघडाच, हातात लोंबत. तालमीत त्यांनी काकाचं काम केलं होतं. बापाचं काम कुणी केलंच नव्हतं. मी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं तेव्हा त्यांचा चष्मा धुरकटलेला होता. "ऊन फार आहे," ते म्हणाले. आम्ही सावलीत होतो.

बाकीचा दिवस चांगला गेला. चिमी पाळण्यात बसली, घोड्यावर बसली, आणि तिथल्या एका राइडच्या नावातला राजासॉरस हा नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला खरोखरचा डायनासोर असून त्याचं नाव 2003 साली ठेवलं, ही माहिती बापाकडून उभ्याने ऐकून घेतली. मी आणि अक्का त्या कोस्टरवर जाऊन आलो. अक्का उपाशीपोटी एवढी ओरडली की तिचा घसा बसला. दाजी खाली, अंगावर सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मोबाइल आणि चिमीचा फुगा घेऊन. मी म्हटलं, "दाजी, आता तुम्ही जाऊन या, मी सांभाळतो." "नको. पहिल्यांदा तिच्याबरोबरच." तिकिटाचे पैसे भरलेले असताना, अटीत स्वतः हातभर जास्त बसत असताना, हा माणूस दिवसभर कशावर चढला नाही.

परतताना चिमी बसूनच झोपली. आता मणके दबायला हरकत नव्हती. घाट चढताना दाजी एकदम म्हणाले, "आमच्या गावच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा. चार माणसं हातानं फिरवायची. अण्णा कधी 'नाही' म्हणायचे नाहीत. पुढच्या वर्षी, म्हणायचे." पुढे काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. हे वाक्य पोरीला कुठून शिकवलं ते मला तेव्हा कळलं, आणि दिवसभर त्यांच्यावर केलेल्या विनोदांतले निम्मे मी मनातल्या मनात परत घेतले. निम्मेच. आडवं झोपवून घाट उतरवल्याचे नाही.

तेव्हा तुम्ही पोराला पहिल्यांदा नेणार असाल तर घरी मोजून जा. चप्पल काढून मोजा, आणि संध्याकाळी मोजा. सकाळच्या उंचीवर भरवसा ठेवू नका. नकाराची तालीम घेऊ नका, रडलं तर रडू द्या, रडायलाच आलेलं असतं ते. घरात एखादे दाजी असतील तर त्यांना जरूर न्या. पिशव्या सांभाळायला असा माणूस दुसरा मिळत नाही. आणि तारीख ठरवायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तेवढी अंगारकी बघून घ्या.