बिशानचे कलादिग्दर्शक

सिंगापूरच्या मराठी मंडळींत हल्ली एक नवी जमात उदयाला आली आहे. नोकरी बँकेच्या संगणक खात्यात, चित्रकलेशी शेवटचा संबंध एलिमेंटरीच्या परीक्षेपुरता. पण गणेशोत्सव असो की दिवाळी पहाट, पोस्टर यांचंच. आमच्यातले दादा बिशानला राहतात, जंक्शन एट मॉलपासून चालत जाता येईल अशा सरकारी एचडीबी ब्लॉकात. ते स्वतःला कलादिग्दर्शक म्हणवतात.

दादांची कामाची वाटणी पक्की आहे. चित्र जमलं की "मी केलं". फसलं की "एआयने केलं". मधलं सगळं वहिनी करतात.

परवाचा गणपती घ्या. कोपी-ओचा, म्हणजे इथल्या काळ्या कॉफीचा, घोट घेत दादांनी एआयला हुकूम सोडला आणि मिनिटभरात बाप्पा हजर. देखणा, पण एकदंताचे दोन्ही सुळे शाबूत! 'मोरया'ची शिरोरेघ मध्येच तुटलेली आणि 'र'ला कुठूनसा एक जादा काना. वहिनींनी चष्मा लावला. "अहो, हे मोदक की लसणाचे गड्डे? कळ्या कुठायत?"

"स्टाइल आहे ती."

रात्री वहिनींनी एक सुळा खोडला, अक्षरं नव्याने टाइप केली, घरच्या मोदकांचे फोटो काढून चिकटवले. खाली 'संकल्पना व निर्मिती' दादांची.

या श्रेयाला कायद्याचाही आधार आहे म्हणे. घोड्यांच्या शर्यतीच्या तक्त्यांवरून झालेल्या खटल्यात इथल्या अपील न्यायालयाने २०११ साली सांगितलं की कॉपीराइटला लेखक म्हणून माणूसच लागतो. "मी माणूस आहे," दादा म्हणतात. मुद्दा खोडून काढणं अवघड आहे.

बिशान पार्कात फिरायला गेलं की ते कालांग नदी दाखवतात. सिमेंटचा सरळसोट कालवा मोडून २०१२ साली तिथे वळणावळणाची नदी केली. "डिझायनरने फक्त वळण दिलं, वाहिलं पाणीच ना? माझंही तसंच."

"त्यांनी आधी छोट्या नाल्यावर प्रयोग करून पाहिले होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पाठवण्याआधी झूम तरी करता का?"

दादा नदीतली पाणमांजरं शोधायला लागले.

तरी एक कबूल करायला हवं. वीस चित्रांतून नेमकं एक उचलायची नजर दादांना आहे. पूर्वी आमच्या पोस्टरवर गूगलवरून उचललेली तीच समई सणागणिक यायची, ती यांच्यामुळेच सुटली.

आता दिवाळीचं पोस्टर सुरू झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ कळणाऱ्या आणि चित्रातल्या हातांची बोटं मोजायची तयारी असलेल्या स्वयंसेवकांनी वहिनींशी संपर्क साधावा. दादांशी नको, ते एआयलाच विचारतील.